मेंदूच्या वतीने कोण बोलतंय?

नमस्कार. विषय मोठा आहे, म्हणून एका वाक्यापासून सुरुवात करू या.

"माझ्याकडे अजून गाडी चालवायचं लायसन्स नाही." टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेत एफएमआरआय यंत्रात पडून गोष्ट ऐकणाऱ्या एका व्यक्तीच्या कानावर हे वाक्य पडलं. मूळ वाक्य अर्थातच इंग्रजीत होतं. त्या क्षणांच्या तिच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या नोंदी एका संगणकीय मॉडेलला दिल्या गेल्या आणि मॉडेलने लिहून दिलं : "तिने अजून गाडी शिकायला सुरुवातसुद्धा केलेली नाही." मे २०२३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि यंत्र आता मन वाचू लागलं अशी चर्चा जगभर सुरू झाली.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचा. आशय पकडला आहे, यात शंका नाही. गाडी आहे, 'अजून' आहे, नकार आहे. कवटीला धक्काही न लावता, केवळ रक्तप्रवाहावरून एवढं कळावं ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण 'मी'ची 'ती' झाली. आणि शिकायला सुरुवात न केल्याचं तर मूळ वाक्यात कुठेच नाही. ते आलं कुठून?

ते समजायला ही पद्धत थोडी आतून पाहावी लागेल. एफएमआरआय चेतापेशींचे विद्युत संदेश मोजत नाही. चेतापेशी कामाला लागल्या की तिथलं रक्त वाढतं, ते तो मोजतो. हा बदल चढून उतरायला दहाएक सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात माणूस वीसपंचवीस शब्द सहज ऐकतो. शिवाय त्या चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात. म्हणजे शब्द सुटे सुटे हाती लागणं शक्यच नाही. म्हणून संशोधकांनी उलटी वाट धरली. प्रत्येक सहभागी व्यक्तीला सोळा तास गोष्टी ऐकवल्या आणि कोणत्या आशयाला तिचा मेंदू कसा प्रतिसाद देतो हे मॉडेलला शिकवलं. मग भाषेचं मॉडेल पुढच्या शब्दांचे अनेक पर्याय सुचवतं, दुसरं मॉडेल प्रत्येक पर्यायाला या मेंदूचा प्रतिसाद कसा असेल याचा अंदाज बांधतं आणि ज्याचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींशी जास्तीत जास्त जुळतो तो पर्याय पुढे सरकतो. सुचवणारं यंत्र आणि होकार-नकार देणारा मेंदू, अशी ही विभागणी आहे. शिकायला सुरुवात न केल्याची भर भाषेच्या मॉडेलने घातली, कारण भाषेत लायसन्स आणि गाडी शिकणं या गोष्टी जवळजवळ राहतात. मेंदूने तिला हरकत घेतली नाही, एवढंच.

मेंदूच्या वतीने जेव्हा यंत्र बोलतं, तेव्हा त्यातलं मेंदूचं किती, यंत्राचं किती आणि हे तपासून घेण्याचा अधिकार कुणाचा? आज मला बोलायचं आहे ते याच प्रश्नाबद्दल. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मेंदूविज्ञान या विषयातले बाकीचे बरेच नैतिक प्रश्न, माझ्या मते, फिरून इथेच येतात.

आधी एक शंका दूर करू. मेंदूच्या अभ्यासाला या तंत्राची खरोखर गरज आहे का, की ही आजची फॅशन आहे? गरज आहे, आणि ती आकड्यांतच दिसते. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि प्रत्येकीच्या इतरांशी हजारो जोडण्या. एका सूक्ष्म गोलकृमीच्या शरीरात फक्त ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला, तोही माणसांनी सूक्ष्मदर्शकातली चित्रं वर्षानुवर्षं डोळ्यांनी तपासून, हाताने रेषा ओढत. त्या वेगाने माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणं सोडाच, माशीपर्यंतही पोचता आलं नसतं.

माशीपर्यंत आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये पोचलो. फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातल्या पाच कोटींहून अधिक जोडण्या यांचा संपूर्ण नकाशा तयार झाला. मेंदूचे अतिशय पातळ काप, त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली चित्रं आणि एका कापातली पेशी पुढच्या कापात कुठे गेली ते शोधणारं डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं संगणकीय तंत्र, असं ते काम होतं. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राने केलेलं काम माणसांनी तपासलं. चुकून जोडलेल्या पेशी सोडवल्या, चुकून तुटलेल्या जोडल्या. एका माणसाने हे काम केलं असतं तर त्याला सुमारे ३३ वर्षं लागली असती, एवढे श्रम त्यात आहेत. ते शेकडो जणांनी वाटून घेतले आणि त्यांत प्रयोगशाळेबाहेरचे हौशी लोकही होते.

माणसाचा मेंदू अजून फार दूर आहे. हार्वर्ड आणि गूगल यांच्या गटांनी २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या फक्त एक घन मिलिमीटर तुकड्याची रचना प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या सापडल्या, आणि त्यासाठी साठवलेली माहिती १४०० टेराबाइट भरली. हा तुकडा एपिलेप्सीच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करताना, दुखऱ्या भागापर्यंत पोचण्यासाठी काढावा लागलेल्या ऊतीतला होता. एवढ्या अफाट नकाशाच्या मुळाशी कुणाचं तरी आजारपण आहे, हे मेंदूविज्ञानात फार वेळा घडतं.

मेंदूविज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या दोन शास्त्रांचं नातं जुनं आहे, त्यावर फार वेळ घेत नाही. वॉरेन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ साली चेतापेशीचं गणिती रूप मांडलं, तिथून संगणकातल्या कृत्रिम चेताजाळ्यांची सुरुवात धरतात. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या दृष्टिकेंद्रात जे पाहिलं, त्यावरून कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० साली चित्रं ओळखणारं जाळं रचलं. आजची चित्रं ओळखणारी जाळी त्याच वंशातली. देणं उलट दिशेनेही झालं. चुका करत शिकणाऱ्या संगणकासाठी तयार केलेलं एक गणित होतं : अपेक्षा काय होती, मिळालं काय, त्यातला फरक पाहा आणि त्या फरकाएवढं शिका. १९९७ साली शुल्त्स, डायन आणि माँटेग्यू यांनी दाखवलं की माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जवळपास हाच फरक कळवत असतात. बक्षीस अनपेक्षित मिळालं की त्या उसळतात, अपेक्षित मिळालं की शांत राहतात आणि अपेक्षित असून हुकलं तर नेहमीपेक्षाही मंदावतात. यंत्रासाठी लिहिलेलं समीकरण सजीव मेंदूत सापडावं, याइतका सुंदर क्षण विज्ञानात क्वचित येतो.

पण इथेच एक घोटाळाही सुरू होतो. अंदाज बरोबर येणं म्हणजे समजणं, असं आपण धरून चालतो.

२०२४ मधला एक अभ्यास सांगते. मेंदूविज्ञानातल्या शोधनिबंधांचे सारांश घेतले. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक खरी आणि दुसऱ्या प्रतीत निष्कर्ष बदललेला. खरी कोणती ते ओळखायचं. या क्षेत्रातल्या १७१ तज्ज्ञांना सरासरी ६३ टक्के वेळा बरोबर सांगता आलं, भाषेच्या मॉडेलांना ८१ टक्के वेळा. एखादा प्रयोग करण्याआधी त्याचा निकाल काय लागेल हे सांगणारा सहकारी मिळाला तर संशोधनाचा केवढा तरी वेळ आणि पैसा वाचेल. ही आशा खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण मॉडेलांना एवढं जमलं त्याचा अर्थ असाही होतो की आपल्या शास्त्रातले बरेचसे निष्कर्ष आधीच्या वाङ्मयाच्या ठशाबरहुकूम येतात. जो शोध हा ठसा मोडतो त्याला असं मॉडेल काय म्हणेल? बहुधा 'हे खोटं आहे' असंच म्हणेल. संशोधनाला निधी द्यायचा की नाही हे उद्या अशा मॉडेलाच्या मतावर ठरू लागलं, तर अनपेक्षित शोधांची वाट आपण आपल्याच हाताने बंद करू.

दुसरा अभ्यास २०१७ चा. योनास आणि कोर्डिंग या दोन संशोधकांनी मेंदूविज्ञानातल्या नेहमीच्या पद्धती एका जुन्या संगणकाच्या चिपवर लावून पाहिल्या. साडेतीन हजार ट्रान्झिस्टरची ती चिप तीन व्हिडिओ गेम चालवत होती. मेंदूचा एकेक भाग निकामी झाल्यावर काय बिघडतं हे आपण पाहतो, तसा त्यांनी एकेक ट्रान्झिस्टर निकामी करून पाहिला. काही ट्रान्झिस्टर असे निघाले की ते गेले तर एकच गेम बंद पडतो. मेंदूच्या बाबतीत असं आढळलं असतं तर 'हे अमुक गेमचं केंद्र' असा निबंध निघाला असता. चिप माणसानेच बनवलेली, तिचा आराखडा पूर्ण माहीत, त्यामुळे इथे सगळ्यांना कळत होतं की गेमचं केंद्र वगैरे काही नसतं. मेंदूचा आराखडा आपल्यापाशी नाही. तिथे अशी चूक पकडणार कोण? डेटा कितीही वाढवला आणि मॉडेल कितीही ताकदीचं केलं तरी हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

याचा त्रास माणसांना कसा होऊ शकतो, ते बघा. स्वमग्न मुलांच्या मेंदूतल्या जोडण्या वेगळ्या असतात का, हे शोधायला एफएमआरआयचा भरपूर वापर झाला. पण यंत्रात निश्चल पडून राहणं लहान मुलांना कठीण जातं, आणि स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांना त्याहून कठीण. डोकं मिलिमीटरच्या अंशानेही हललं तरी दूरच्या भागांमधली जोडणी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमकुवत दिसते, हे २०१२ च्या सुमारास नीट लक्षात आलं. अशा डेटावर शिकवलेलं मॉडेल स्वमग्नता ओळखतंय असं आपल्याला वाटत राहील आणि ते ओळखत असेल मुलाचं हलणं. अचूकतेचा आकडा चांगला येईल, निबंध छापून येईल. शिक्का मात्र मुलावर बसेल, आणि 'हे मॉडेलने कशावरून ठरवलं?' असं त्याच्या आईवडिलांनी विचारलं तर समोरच्या डॉक्टरांकडेही उत्तर नसेल.

डेटात कोण आहे आणि कोण नाही, हाही प्रश्न याच्याच पोटातला. डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवून घेतला जाणारा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत संदेशांचा आलेख, दाट, कुरळ्या केसांच्या माणसांवर नीट बसत नाही, मग संदेश खराब म्हणून त्यांच्या नोंदी वगळल्या जातात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की मॉडेल जे 'सामान्य मेंदू' म्हणून शिकतं त्यात ती माणसं नसतातच. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. साधनं तशी बनली आणि कुणी तक्रार केली नाही, एवढंच घडलेलं असतं.

आता मी आजच्या विषयाच्या सर्वांत आशादायक भागाकडे येते. पक्षाघाताने किंवा स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएससारख्या आजाराने ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना बोलतं करणारी यंत्रं. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने एका पक्षाघाती माणसाला ५० शब्दांची मर्यादित भाषा परत दिली. २०२३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मिनिटाला ६२ आणि ७८ शब्दांचा वेग गाठला. यातल्या पहिल्या गटाच्या सव्वा लाख शब्दांच्या भांडारावर चारातला जवळपास एक शब्द तेव्हा चुकत होता. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने एएलएस झालेल्या एका माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले आणि त्याच भांडारावर साडेसत्त्याण्णव टक्के शब्द बरोबर येऊ लागले. आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून त्याच्या स्वतःच्या आवाजासारखा आवाजही यंत्राला दिला. या कामाबद्दल बोलताना मला तटस्थ राहता येत नाही. ज्याचं बोलणं इतरांना समजणं फार कठीण झालं होतं, तो माणूस पुन्हा आपल्या आवाजात घरच्यांशी गप्पा मारू लागतो. कृत्रिम बुद्धिमत्ता कशासाठी हवी असं मला कुणी विचारलं तर मी यासाठी हवी असंच सांगेन.

पण हे यंत्र चालतं कसं ते पाहू. इलेक्ट्रोडकडून आलेल्या संदेशांवरून मॉडेल एका सेकंदात अनेकदा अंदाज करतं की हा माणूस कोणता ध्वनी उच्चारायचा प्रयत्न करतोय. मग भाषेचं मॉडेल त्या चुकतमाकत आलेल्या ध्वनींतून शब्द आणि शब्दांतून वाक्य बसवतं. अचूकता एवढी चढली त्यात या दुसऱ्या मॉडेलचा वाटा मोठा आहे. आणि भाषेच्या मॉडेलचा कल स्वभावतः जास्त संभवणाऱ्या शब्दाकडे असतो. अडखळत बोलणाऱ्या माणसाचं वाक्य शेजारी बसलेला कुणीतरी घाईने पूर्ण करून टाकतो, तसं हे आहे. बहुतेक वेळा त्याने केलेलं बरोबरच निघतं. पण ज्या दिवशी त्या माणसाला काही वेगळंच, कुणाला अपेक्षित नसलेलं सांगायचं असतं, नेमकं त्याच दिवशी ते चुकतं. साडेसत्त्याण्णव टक्के म्हणजे चाळीस शब्दांत एक चूक. तो चाळिसावा शब्द 'जरा' असला तर काही बिघडत नाही. तो 'नको' असला तर? उपचार थांबवा, घर विकू नका, या माणसाला माझ्या खोलीत येऊ देऊ नका, अशी वाक्यं रोज बोलली जात नाहीत. सरासरी भाषेत ती दुर्मीळ असतात आणि म्हणूनच यंत्राच्या हातून सपाट होण्याची भीती त्यांनाच जास्त.

डेव्हिसच्या प्रयोगात त्या माणसाला डोळ्यांच्या हालचालीने वाक्य बरोबर की चूक हे सांगता येत होतं. माझ्या दृष्टीने ती डोळ्यांची खूण त्या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तिच्यामुळे वाक्य त्या माणसाचं ठरतं. ज्यांचे डोळेही हलत नाहीत अशा रुग्णांच्या बाबतीत काय करायचं, हा खरा कठीण प्रश्न आहे.

त्यासाठी इतिहासातला एक धडा आपल्यापाशी आहे आणि तो या संदर्भात जेवढा सांगितला जायला हवा तेवढा सांगितला जात नाही. १९९० च्या सुमारास 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची एक पद्धत फार वेगाने पसरली. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाचा हात एक मदतनीस हलकेच धरतो आणि मूल अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून वाक्यं लिहितं. ज्या मुलांनी आयुष्यात शब्द उच्चारला नव्हता ती कविता लिहू लागली, आईवडिलांवर प्रेम असल्याचं सांगू लागली. किती घरांत आनंदाश्रू आले असतील! मग कुणीतरी एक साधी चाचणी घेतली. मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनीसाला, मुलाच्या नकळत, दुसरं. फळीवर नाव आलं ते मदतनीसाने पाहिलेल्या चित्राचं. चाचणी वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हापुन्हा झाली आणि उत्तर तेच आलं. मदतनीस खोटं बोलत नव्हते. आपण फक्त हात धरलाय, शब्द मुलाचे आहेत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दरम्यान अशा 'लिहिलेल्या' आरोपांवरून काही आईवडिलांवर अत्याचाराचे खटलेही भरले गेले होते.

मेंदूचे संदेश उलगडणारी आजची यंत्रं, म्हणजे डीकोडर, तसे नाहीत, हे मी स्पष्टपणे सांगते. त्यांच्यात मेंदूचा खरा संदेश आहे, तो मोजता येतो, आणि गंभीर संशोधक ध्वनींची अचूकता आणि शब्दांची अचूकता वेगवेगळी नोंदवतात. पण मदतनीसाच्या जागी भाषेचं मॉडेल बसलं आहे, आणि तेही खोटं बोलत नसतं. म्हणून तीच चाचणी इथेही व्हायला हवी. त्या माणसाला माहीत आहे आणि मॉडेलला कोणत्याही वाटेने माहीत असू शकत नाही, अशी गोष्ट विचारा. अर्थ नसलेली शब्दांची ओळ म्हणायला सांगा. भाषेचं मॉडेल बंद केल्यावर काय उरतं ते छापा. आणि इच्छापत्र, उपचारांना संमती, पोलिसांसमोरचा जबाब अशा ठिकाणी डीकोडरचं वाक्य एकदाच ऐकून कुणीही पुढे जाऊ नये. तोच प्रश्न उलटा करून विचारावा, दुसऱ्या दिवशी विचारावा, हो-नाहीच्या रूपात विचारावा.

आता याची दुसरी बाजू. आपल्या मनातलं आपल्याला सांगायचं नसेल तेव्हा काय? ऑस्टिनच्या प्रयोगात सहभागी झालेल्यांनी मनात प्राण्यांची नावं घेतली किंवा दुसरीच गोष्ट स्वतःला सांगितली, की डीकोडरची अचूकता घसरत असे. एका माणसावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्यावर चालतही नव्हतं. हे वाचून पुष्कळांना हायसं वाटलं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मेंदूत इलेक्ट्रोड असलेल्या चार जणांबरोबर केलेलं काम प्रसिद्ध केलं. बोलायचा प्रयत्न न करता, नुसतं मनात म्हटलेलं वाक्यही काही प्रमाणात वाचता येतं, असं त्यांना दिसलं. मोजायला सांगितलं असता मनात आपोआप येणारे आकडेही कधीकधी संदेशात उमटत होते. या गटाने इथेच न थांबता दोन उपाय करून दाखवले. एकात डीकोडरला मनातलं बोलणं दुर्लक्षायला शिकवलं. दुसऱ्यात एक ठरावीक वाक्प्रयोग मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायलाच सुरुवात करत नाही, आणि ही खूण त्याने ९८ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखली. धोका दाखवणारा आणि त्यावरचं कुलूपही त्याच निबंधात देणारा गट, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. सगळ्यांनी असंच करावं हा नियमच व्हायला हवा, कारण कुलूप नंतर बसवू म्हटलं की ते बसत नाही, असा इंटरनेटचा अनुभव आपल्यापाशी आहे.

कायदा हळूहळू जागा होतोय. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या व्यवहारांचं आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला, तिच्या डोक्यावर घालायच्या उपकरणाने एका माजी सिनेटरच्या मेंदूच्या घेतलेल्या नोंदी पुसून टाकायला लावलं. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अशी माहिती संवेदनशील ठरवली. युरोपीय संघाने नोकरीच्या जागी आणि शाळेत भावना ओळखणारी यंत्रं, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडल्यास, फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. युनेस्कोने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेंदूतंत्रज्ञानाच्या नीतीवर शिफारस स्वीकारली. या सगळ्याचं मी स्वागत करते. तरी एक अडचण राहतेच. नाव-पत्ता यांसारखे तपशील काढून टाकले की डेटा निनावी झाला, असं अनेकदा मानलं जातं. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून त्यांचे चेहरे उभे केले आणि ते बाजारात मिळणाऱ्या चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले. ७० जण बरोबर ओळखले गेले. स्कॅनमधून चेहरा पुसता येतो आणि पुसावाच. पण मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशाही माणसागणिक वेगळा असतो. तो पुसला तर संशोधनाला उरतं काय? म्हणून संमतीपत्रावर 'तुमची ओळख कधीच कळणार नाही' असं लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. 'आज कळणार नाही, उद्याचं सांगता येत नाही, आणि तुम्हाला डेटा काढून घ्यायचा असेल तर अमुक दिवसापर्यंत काढता येईल, त्यानंतर तो मॉडेलात मिसळलेला असेल' असं लिहावं. लोक एवढं समजून घेतात. आणि त्यातले बरेच जण तरीही डेटा देतात, कारण आपल्या आजाराचा पुढच्या कुणाला तरी उपयोग व्हावा असं त्यांना वाटतं.

शेवटचा मुद्दा संशोधन संपल्यानंतरचा. ऑस्ट्रेलियात २०१० नंतरच्या काही वर्षांत एपिलेप्सीच्या रुग्णांवर एका उपकरणाची चाचणी झाली. मेंदूचे संदेश पाहून फिट येण्याची शक्यता किती आहे ते मॉडेल आधी सांगायचं. चाचणीतल्या एका स्त्रीचं आयुष्य त्याने बदललं. ती एकटी बाहेर पडू लागली, त्या यंत्राशी तिचं स्वतःचं असं नातं जडलं. मग कंपनीकडचा पैसा संपला आणि उपकरण काढून घ्यायचं ठरलं. तिने विरोध केला, ते विकत घेण्याची तयारी दाखवली. उपयोग झाला नाही, ते काढलं गेलं. नंतर तिच्याशी बोललेल्या अभ्यासकांनी हा मानवी हक्कांचा भंग ठरू शकतो असं मांडलं. डोळ्यांत बसवलेल्या कृत्रिम दृष्टिपटलाच्या बाबतीतही असंच झालं. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ते बसवल्यानंतर उत्पादक कंपनीने हात काढून घेतला आणि दुरुस्तीला कुणी उरलं नाही.

मेंदूतलं उपकरण आणि त्यामागचं मॉडेल मिळून त्या माणसाची बोलण्याची, पाहण्याची, सावध होण्याची शक्ती बनलेली असते. ती कंपनीच्या ताळेबंदावर सोपवलेली असणं मला मान्य नाही. तुमच्यापैकी कुणी नीतिसमितीवर असेल किंवा पुढे जाईल, त्यांनी अशा चाचणीचा प्रस्ताव समोर आला की पैशांचं पान आधी उघडावं. उपकरण किती वर्षं सांभाळलं जाईल, त्याचा खर्च आजच वेगळा ठेवला आहे का, कंपनी बुडाली तर सॉफ्टवेअर कुणाच्या हाती जाईल, आणि उपकरण काढायचं की ठेवायचं हे ठरवताना ज्याच्या डोक्यात ते आहे त्याचं मत मोजलं जाईल का, हे प्रस्तावात लिहिलेलं असायला हवं. नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा, त्यातलं विज्ञान कितीही चांगलं असलं तरी.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.